नावाडी मागे उभा असतो

शिट्टीसाहेबांच्या घरी प्रवासाला निघण्याआधी प्रवासाची तालीम होत असे. यात काही जगावेगळं आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. रंगाच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. आग लागलेली नसताना ती लागली आहे असं धरून चालायचं, गळ्यातली शिट्टी फुंकायची आणि अख्ख्या कारखान्याला फाटकाजवळ उन्हात उभं करायचं, याचा त्यांना पगार मिळे. कामगार त्यांच्या नावाने बोटं मोडत, पण उभे राहत. "आधी ऐका, मग विचारा," हे साहेबांचं ब्रीद. संकट आलं की माणसाला विचार करायला वेळ नसतो. म्हणून विचार अगोदरच उरकून ठेवायचा आणि ऐनवेळी फक्त सांगितलेलं करायचं.

तेच ब्रीद घरी. मागे विमानाने जायचं ठरलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला तपासणीची चौकट मानून सगळ्यांना पट्टे, घड्याळं, चपला काढून आत जावं लागलं होतं. सासूबाईंनी "कवळी पण काढू का हो, जावईबापू?" असं विचारलं होतं आणि शिट्टीसाहेबांनी त्यावर खरोखरच क्षणभर विचार केला होता. बायको अशा वेळी हसतही नसे, चिडतही नसे. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या हातात सुया टोचून घरी आलेल्या बाईला नवऱ्याच्या खुळाचं काही वाटत नाही. मुलीला मात्र तालीम प्रवासापेक्षा जास्त आवडे. एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत. तिला खऱ्या प्रवासात उलट्या होत, तालमीत होत नसत.

यंदाचा बेत सासूबाईंसाठी होता. त्यांच्या नजरेच्या मधोमध काहीतरी विझत चाललं होतं. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. पुढ्यात बसलेल्या माणसाचे कान तेवढे दिसत आणि चेहऱ्याच्या जागी धुराचा गोळा. कुणाकडे पाहायचं झालं तर त्या मान भलतीकडे वळवत आणि कोपऱ्यातून बघत. नवख्या माणसाला वाटे, बाई आपल्यावर रागावल्या आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं होतं की पाहायचं काही राहिलं असेल तर या हिवाळ्यात पाहून घ्या.

सासूबाईंचं एकच राहिलं होतं. लांबच्या एका पाणथळ राष्ट्रीय उद्यानात चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी पक्षी येतात, ते.

"टीव्हीवर पाहिले होते तरुणपणी," त्या म्हणाल्या. "टीव्ही काळा-पांढरा. गुलाबी आहेत म्हणून सांगणारा सांगत होता. त्याच्या शब्दावर इतकी वर्षं काढली. आता एकदा स्वतः बघते."

सासूबाई निवृत्त होण्याआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. याची तार त्याला, त्याचा निरोप याला. आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही आणि एक शब्द गाळायचा नाही, याचा त्यांना अजून अभिमान होता. त्यामुळे घरात कुणाचाही निरोप त्यांच्याकडे दिला की तो आवाजाच्या चढउतारासकट पोचे. बायकोने "त्याला सांग, दूध आण म्हणावं" असं कंटाळून म्हटलेलं शिट्टीसाहेबांना तितक्याच कंटाळलेल्या सुरात ऐकावं लागे.

शिट्टीसाहेबांनी उद्यानाच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक बाई होती, आवाजावरून झोपेतून नुकती उठलेली किंवा कायमचीच तशी.

"होडीला इंजिन नाही," ती म्हणाली. "चपट्या तळाची, अरुंद होडी. एकामागे एक बसायचं, तोंड पुढे. नावाडी मागे उभा असतो, बांबूने ढकलतो."

"मागे वळून बघितलं तर?"

"वळू नका. कलंडते."

"मगरी आहेत?"

"आहेत."

"होडीजवळ येतात?"

"पाणी त्यांचंच आहे, साहेब."

अशा उत्तरांनी शिट्टीसाहेबांची भूक चाळवे. त्यांनी त्याच रविवारी दुपारी जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं. दिवाणखान्यात दोन गाद्या टोकाला टोक लावून घातल्या, वर उशा मांडल्या. सगळ्यात पुढे ते स्वतः, मग बायको, मग भिंगरी, शेवटी सासूबाई. आणि सासूबाईंच्या मागे स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, म्हणजे नावाडी. पुढे बाल्कनीचं काचेचं दार, त्यापलीकडे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. चौथा मजला. फ्रिज घरघरत होता. शिट्टी वाजली आणि प्रवास सुरू झाला.

"हे काय, किनारा लागला की उठवा मला," सासूबाई म्हणाल्या.

"आई, होडीत झोपायचं नाही. बोलायचंही नाही."

"बोलायचं नाही, झोपायचं नाही. मेल्यावरही इतकी बंधनं नसतील हो."

भिंगरी खिदळली. मग थोडा वेळ सगळे खरोखरच गप्प बसले. अशी शांतता त्या घरात सहसा नसे. शिट्टीसाहेब समोरच्या चादरींकडे पाहत राहिले. त्या वाऱ्याने एका दिशेला झुकत, पुन्हा सावरत. उंच गवत झुकावं तशा.

"हात आत घ्या म्हणतोय," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"मागचा."

भिंगरी पुन्हा खिदळली आणि तिने गादीबाहेर सोडलेला हात पटकन मांडीवर घेतला. शिट्टीसाहेब खूश झाले. सासूबाई पहिल्यांदाच तालमीत मनापासून भाग घेत होत्या. रात्री दात घासताना मात्र त्यांच्या मनात आलं, की भिंगरी सासूबाईंच्या बरोबर समोर बसली होती. आणि समोरचं तर त्यांना दिसत नाही.

कान दिसतात, हात दिसला असेल, असं म्हणून त्यांनी चूळ भरली.

पुढच्या रविवारी सासूबाईच विचारत आल्या, "आज नाही का हो आपलं ते?" गाद्या घालताना त्यांनी स्टूल स्वतः आणून ठेवलं, आणि ठेवून झाल्यावर ते थोडं मागे सरकवलं. कुणाला तरी पाय ठेवायला जागा हवी असावी, तसं.

त्या दिवशी वारा नव्हता, चादरीही नव्हत्या. बसून जरा वेळ झाला तसा शिट्टीसाहेबांना घोट्यांपाशी गारवा लागला. फरशी थंड असते, ते त्यांना ठाऊक होतं. गारव्याला चिखलाचा वास होता, तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं.

"खांबाच्या डावीकडून काढतो म्हणतोय," मागून सासूबाईंचा आवाज आला. सपाट, कामावरचा आवाज. "उजवीकडचं पाणी आटलंय म्हणतोय. गाळ आलाय. सांभाळून बसा."

आणि चौघंही डावीकडे कलली.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीने वळण घेतल्यावर उतारू कलतात, तशी सगळी मिळून कलली आणि मिळूनच सरळ झाली. शिट्टीसाहेबांचा हात आधारासाठी पुढे गेला होता. तो त्यांनी पाहिला आणि हळूच मांडीवर ठेवला.

भिंगरीला उलटी झाली.

"सकाळी खाल्लेलं बाधलं," बायको फरशी पुसत म्हणाली. मग पुसता पुसता थांबली. "तू कललास म्हणून मी कलले ना?"

"हो," शिट्टीसाहेब म्हणाले. "मीच कललो आधी." सुरक्षेच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच खोटा अहवाल दिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून त्यांनी उद्यानाला फोन लावला. केबिनचं दार लावून घेतलं. एरवी ते लावत नसत. दार बंद असलं की बाहेर पडायला उशीर होतो.

"तुमच्याकडे वाटेत कुठे खांब आहेत का?"

"आहेत. पांढऱ्या डोक्याचे. वाट कळायला."

"त्यांच्या डावीकडून जायचं की उजवीकडून?"

"उजवीकडून," बाई म्हणाली. मग तिकडे काही कागद हलले. "नाही. थांबा. उजवीकडे वादळानंतर गाळ भरलाय. आता डावीकडून नेतात. पण हे अजून आम्ही कुणाला कळवलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

शिट्टीसाहेबांनी उत्तर जुळवलं. मग जे खरं होतं तेच सांगून टाकलं. "नावाडी म्हणाला."

पलीकडे बाई पहिल्यांदाच पुरती जागी झाली.

"आमचे नावाडी होडीत बोलत नाहीत, साहेब," ती म्हणाली. "पक्षी उडतात. बोलायची बंदी आहे. ते बांबू आपटून खुणा करतात." आणि थोडं थांबून, "तुमचं येणं रद्द करू का?"

रद्द करा, एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते त्यांच्या जिभेवर आलेही. पण डोळ्यांसमोर सासूबाई आल्या, मान भलतीकडे वळवून कोपऱ्यातून बघणाऱ्या. पुढच्या हिवाळ्यात कोपराही उरणार नव्हता.

"नको," ते म्हणाले. "आम्ही येतोय."

त्या आठवड्यात त्यांनी गॅसची नळी बदलली, बाल्कनीच्या दाराची कडी घट्ट केली, आणि भिंगरी शाळेतून यायच्या वेळी इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. काळजी नेमकी कशाची करायची ते कळत नसल्यामुळे ती त्यांनी सगळीकडे सारखी वाटून टाकली. रोज चपला घालण्याआधी त्या उलट्या करून झटकू लागले. कारखान्यात कुणी तरी ड्रम लोटत नेताना तो घसरला, मोठा आवाज झाला, आणि शिट्टीसाहेब टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. होडीची कड धरावी तसे. शिपायाने ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना करून दाखवलं.

"यापुढे तालीम बंद," घरी त्यांनी जाहीर केलं. "खरंच जायचंय आता. पुरे झालं."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"एक सांगू का, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "हसू नका. तिथे मला मधोमध दिसतं."

"तिथे कुठे?"

"होडीत." त्या चाचपडत शब्द शोधत होत्या, निरोप स्वतःचा असला की त्यांना नीट सांगता येत नसे. "इथे तुमचं तोंड दिसत नाही मला. तिथे या पोरीची वेणी दिसते, वेणीतला एक न् एक पेड दिसतो. तिच्या पुढे पाणी दिसतं. परवा वळणाच्या पलीकडे झाडावर काहीतरी बसलं होतं, लांब. गुलाबी होतं की उन्हाने वाटलं, सांगता येत नाही. अजून थोडं पुढे गेलो असतो तर कळलं असतं. तेवढ्यात हिला उलटी झाली."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. आईचं बोलणं संपल्यावर ती आत गेली आणि कारण नसताना नळ सोडून उभी राहिली.

"डॉक्टरांना सांगू या," ती नंतर म्हणाली. "डोळे जाताना असं काहीबाही दिसतं. लॅबमध्ये येतात ना अशी माणसं. पण ती खूश आहे रे. किती महिन्यांनी खूश आहे."

निघायच्या आधीचा रविवार आला. सामानासकट, बूट घालून शेवटची तालीम करायची, असा शिट्टीसाहेबांचा जुना नियम होता. सकाळपासून ते गाद्यांकडे न बघता घरात फिरले. जेवण झालं. तालीम केली तर काय होईल याची त्यांना भीती वाटत होती. पण तालीम न करता त्या पाण्यावर जायचं, ही भीती तिच्याहून मोठी निघाली. माणूस ज्यावर आयुष्यभर जगला ते एका दुपारी सोडता येत नाही. त्यांनी टेबल भिंतीला लावलं.

स्टूल त्यांनी मुद्दाम आणलं नाही.

नवीन आणलेली तरंगती जाकिटं चौघांनी घातली. भिंगरीचा पट्टा शिट्टीसाहेबांनी स्वतः आवळला.

"बाबा, श्वास घेऊ दे की."

"घे. पण थोडा थोडा."

सासूबाई मागे बसल्या, केसांना रुमाल बांधून. शिट्टी वाजली.

काही झालं नाही. फ्रिज घरघरत होता. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. शिट्टीसाहेबांनी खांदे सैल सोडले. आणखी थोडा वेळ बसून उठू, असं त्यांनी ठरवलं.

मग फ्रिज थांबला. तो एरवीही मधेच थांबे.

थांबल्यावर मागून आवाज आला. काहीतरी लांब आणि ओलं चिखलात रुतून पुन्हा वर निघाल्याचा. मग थेंब. मग पुन्हा रुतल्याचा.

"आई," बायको पुढे बघतच म्हणाली, "काय करतेस मागे?"

"मी काही करत नाही गं. बघतेय." सासूबाईंचा आवाज तरुण झाला होता. "त्या झाडावर बघ. अगं बाई, सगळं झाडच भरलंय. खरंच गुलाबी आहेत! तो माणूस खोटं बोलत नव्हता."

शिट्टीसाहेबांना समोर बाल्कनीचं दार दिसत होतं. काचेवर खालून वर उजेडाच्या लाटा सरकत होत्या, पाण्यावरून उठतात तशा.

मागचा रुतण्याचा आवाज थांबला.

"होडी थांबली," सासूबाई म्हणाल्या.



"तो म्हणतोय..." आणि त्या गप्प झाल्या. निरोप देताना सासूबाई कधी अडखळल्या नव्हत्या.

"काय म्हणतोय?" शिट्टीसाहेबांनी विचारलं. आपण हे विचारतो आहोत याचं त्यांना नवल वाटलं नाही. "आई, निरोप सांगा."

"पोरीला इथे उतरवा म्हणतोय."

"का?"

"का ते सांगत नाही. इथेच उतरवा, पुढे नेऊ नका, म्हणतोय."

मागे गादी दबल्याचा आवाज आला. भिंगरी उठत होती. आधी ऐका, मग विचारा. लहानपणापासून तिच्या कानीकपाळी हेच ओरडलं होतं. शिट्टीसाहेबांनी जागेवरूनच हात मागे टाकला, बायकोच्या खांद्यावरून. जाकिटाचा पट्टा हाताला लागला. त्यांनी तो ओढला.

"बस खाली."

"पण बाबा, तो सांगतोय ना..."

"बस म्हणतो ना!"

"धर तिला," बायको म्हणाली. "सोडू नकोस. घट्ट धर."



"पुन्हा म्हणतोय," सासूबाई हळू म्हणाल्या. "विनवतोय हो तो, जावईबापू."

"नाही म्हणून सांगा त्याला."

सासूबाईंनी सांगितलं असावं. त्यांचा आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "कुणी उतरल्याशिवाय होडी हलत नाहीये. मीच उतरते. माझं पाहून झालंय."

"आई, थांबा..."

पण त्या उतरल्या होत्या. बूट फरशीवर वाजले, नेहमीसारखे. चार पावलं टाकून त्या भिंतीला लावलेल्या टेबलापाशी गेल्या आणि वळल्या. घर तेच होतं. टेबलावर मिठाची बाटली होती, घडी घातलेला पेपर होता. शिट्टीसाहेबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. झालं, संपलं, आता गाद्या उचलायच्या.

सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मान न वळवता, समोरासमोर. त्या हसल्या आणि त्यांनी हात हलवला.

मग त्यांचं हसू गेलं.

त्यांची नजर हलू लागली. शिट्टीसाहेब जागचे हलले नव्हते, पण ती नजर त्यांच्यावरून सावकाश पुढे सरकली, बाल्कनीच्या दाराकडे, दारापलीकडे. त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. टाचा उंचावल्या. त्यांचे ओठ हलले, दोन्ही हात पुढे झाले, कुणीतरी काहीतरी आपल्याकडे द्यावं म्हणून व्हावेत तसे.

"आई, इथेच आहोत आम्ही," बायको म्हणाली.

आवाज यायला वेळ लागला. आला तेव्हा तो पातळ होता, वाऱ्यावर फाटलेला.

"...पोरीला द्या... द्या तिला..."

मागे पुन्हा काहीतरी चिखलात रुतलं आणि वर निघालं. शिट्टीसाहेबांच्या मुठीत पट्टा होता. तो ओला झाला होता.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "आजी एवढीशी का दिसतेय?"